इसाराची सुई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी जालन्याच्या काकाजींचं नाव घेतो. आई-वडिलांना याचं वाईट वाटलं नसतं. तेही हेच म्हणायचे. काकाजी आमच्या नात्याचे नव्हते की जातीचे नव्हते. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. जालन्यातच मस्तगड भागात त्यांचं छोटं दुकान होतं. सुया, दोरे, कंगवे, बटणं, कंदिलाच्या वाती, तुरटी, फण्या, असला बारीकसारीक माल. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो.

वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मी चौथी पास झालो होतो आणि आमच्या गावात पुढची शाळा नव्हती. वडिलांनी एवढंच सांगितलं की पोरगं शिकतो म्हणतंय आणि जालन्यात आमचं कुणी नाही. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाले की दुकानावरच्या माळ्यावर मालाची खोकी आहेत, खोक्यांना हात लावणार नसेल तर झोपू दे तिथं. मी त्या माळ्यावर मॅट्रिक होईपर्यंत झोपलो. पुढं हैदराबादला बी.ए. झालो, तेही त्यांनी तिथल्या ओळखीच्या एका घरी माझी सोय लावून दिली म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती.

माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खाली दुकानात बोललेलं सगळं वर ऐकू यायचं. मी इतिहास पाठ करत असायचो आणि खाली काकाजी कुणाशी तरी सौदा करत असायचे. किती तरी शब्द मी पुस्तकातून नाही, त्या फटींतून शिकलो. 'इसार' हा त्यातलाच एक. सौदा पक्का करताना माल घेणारा माल देणाऱ्याच्या हातावर जे थोडंसं ठेवतो, तो इसार. काकाजी त्याला त्यांच्या बोलीत 'साई' म्हणायचे. गावाकडची माणसं इसारच म्हणायची. इसार हातावर पडला की बोलणं संपलं. मग पुढं माल देणाऱ्यानं सौदा मोडला तर त्यानं इसार दुप्पट करून परत करायचा. माल घेणाऱ्यानं मोडला तर त्याचा इसार बुडाला. लिखापढी नसली तरी हे सगळे पाळायचे.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढं जे झालं ते याच शब्दामुळं झालं.

निजामाची सत्ता जाऊन काही वर्षं झाली होती. मला बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी लागली आणि पहिलंच काम मिळालं ते रस्त्याच्या आखणीवर. वाटूरच्या पुढं नवा रस्ता जायचा होता. एक ओव्हरसियर, साखळी धरणारे मजूर, आणि मी. त्यांनी मोजायचं, खुंट्या ठोकायच्या. मी पुढं जाऊन गावात बसायचं, खुंट्यांच्या रेषेत कुणाचं शेत येतं, कुणाचा गोठा येतो, ते विचारून जबाब लिहायचा आणि खाली ज्याचा त्याचा अंगठा घ्यायचा. बी.ए. झालेला माणूस म्हणून घरच्यांना वाटत होतं की मी खुर्चीत बसून असतो. त्या दोन उन्हाळ्यांत मी खुर्ची फार क्वचित पाहिली. काळ्या रानातल्या भेगांतून चालून चालून माझ्या वहाणांचे अंगठे तुटायचे. दुपारी चावडीत पाठ टेकावी तर जमीन तापलेली, रात्री टेकावी तर ढेकूण. पोट कायम बिघडलेलं. त्या काळातलं काहीही आठवलं तरी आधी थकवा आठवतो, मग ती गोष्ट आठवते.

निघायच्या आधी काकाजींच्या पाया पडायला गेलो होतो. त्यांनी एक कापडी थैली काढली आणि दुकानातल्या फळ्यांवरून काय काय काढून तिच्यात टाकायला लागले. सुयांच्या पुड्या, पांढऱ्या-काळ्या दोऱ्याची रिळं, काळे कंगवे, कंदिलाच्या वाती, तुरटीचे खडे. मी म्हटलं, काकाजी, मी विकायला चाललो नाही. ते म्हणाले, मला ठाऊक आहे तू विकायला चालला नाहीस, तुला विकता आलं असतं तर मी तुला शाळेत कशाला धाडलं असतं.

मग थैलीचं तोंड बांधता बांधता जे म्हणाले ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

"खाली हात कुणाच्या घरी जायचं नाही, बेटा. अन् मोठी चीज न्यायची नाही. मोठी चीज दिली की घेणारा लहान होतो. सुई दे. सुई सगळ्यांना लागते, अन् सुईनं कुणी मिंधा होत नाही."

पहिल्या काही गावांत त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. सुई-दोरा बाया लगेच घेत. त्या भागात उन्हाळ्यात वाकळी शिवायचं काम निघतं, जुन्या लुगड्यांचे थर लावून, आणि गावात धड सुई सापडत नाही. बाजार लांब. एका सुईवर तीन घरं चालवायची, आणि ती मोडली की भांडण. वातीचं तसंच. कंदील असतो, वात जळून बोटभर राहिलेली असते. तुरटीचं मी आधी हसण्यावारी नेलं होतं, पण उन्हाळ्याच्या गढूळ पाण्यात खडा फिरवल्यावर गाळ खाली बसताना पाहिला आणि मनात काकाजींची माफी मागितली. आरसे मी एकदा माझ्या मनानं नेले होते. ते कुणाच्या कामाचे निघाले नाहीत, पोरांनी उन्हात धरून म्हशींच्या डोळ्यांत मारले.

माणसं हळूहळू बोलायला लागत. आधीच्या अमलात चावडीवर उतरलेला सरकारी माणूस म्हणजे दूध, कोंबडी, चारा, बिगार, हे त्यांना ठाऊक होतं. मी काही मागत नाही आणि वर काही देतो, याचं त्यांना नवल वाटे. मला वाटायचं, नवल वाटलं तर बरंच आहे.

मग ते गाव आलं. नाव लिहीत नाही. वाटूरपासून चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे एवढं पुरे.

पहिल्या फेरीला मी नेहमीसारखाच गेलो. मारुतीच्या पारावर बसलो, थैली सोडली. ज्याचा जबाब घ्यायचा त्याला आधी काहीतरी हातावर दिलं. कुणाला सुयांची पुडी, कुणाला कंगवा, कुणाला वात. मग विचारलं, लिहिलं, वाचून दाखवलं, आणि शाई पुढं केली. अंगठे उठले. पाटील भला माणूस वाटला. काम लवकर उरकलं म्हणून मला बरंच वाटलं.

शेवटी एक म्हातारी बाई आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाच्या टोकाला तिची थोडी जमीन आणि जमिनीत विहीर. पोटाला ती लोकांच्या वाकळी शिवून द्यायची, म्हणून तिला मी पुडीतली सगळ्यांत जाड सुई निवडून दिली. तिनं ती उजेडात धरून नेढं पाहिलं आणि लुगड्याच्या पदराला टोचून ठेवली. जबाब देताना ती शेताबद्दल फारसं बोललीच नाही. विहिरीबद्दलच बोलली. गावातल्या विहिरी होळीनंतर तळ गाठतात, पण तिची आटत नाही. म्हणून वर्षभर तिच्याकडे कुणी फिरकत नसलं तरी उन्हाळ्यात सगळ्या बायकांच्या घागरी तिच्या दाराशी येतात.

"उन्हाळाभर माझं दार उघडंच ऱ्हातं, बाबा," ती म्हणाली. "मंग पाऊस पडला की मी एकली."

मी लिहिलं, 'पिण्याच्या पाण्याची विहीर, बारमाही.' तिचा अंगठा घेतला. खुंट्या त्या वेळी गावापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. रेषा विहिरीवरून जाणार की बाजूनं, हे मला माहीत नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खुंट्या पोहोचल्या होत्या. ओव्हरसियरचा तंबू गावाबाहेर आंब्याखाली पडला होता. मी वाटूरहून चालत आलो, दुपार टळत आली होती, तोंडाला कोरड पडलेली. पारावर माणसं जमलेली दिसली. मला वाटलं, पाण्याला विचारतील. कुणी विचारलं नाही. पाटलांनी एका पोत्याकडे बोट केलं. पोतं पसरलेलं होतं आणि त्याच्यावर सुयांच्या पुड्या, कंगवे, वाती, दोऱ्याची रिळं असं सगळं मांडून ठेवलं होतं.

माझी थकलेली बुद्धी चालेना. पहिल्यांदा वाटलं, कुणी फेरीवाला आलाय. मग काळे कंगवे ओळखू आले, आणि त्यांच्या शेजारी लाकडाचे कंगवे, जे मी दिलेच नव्हते. काकाजींच्या पुड्यांवर निळा कागद असे; इथं निळ्या पुडीशेजारी पिवळी पुडी होती. प्रत्येक वस्तूशेजारी तसलीच दुसरी वस्तू.

पाटील म्हणाले, "मोजून घ्या, सायेब. बराबर दुप्पट हाये."

मी विचारलं, कशाची दुप्पट. तर ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागले की जणू मीच त्यांना वेड्यात काढतोय. मग जे कळलं ते असं. मी गेल्यावर काही दिवसांनी खुंट्या आल्या. खुंट्या शेतातून गेलेल्या दिसल्या तेव्हा गावानं हिशेब लावला. या माणसानं आधी हातावर काहीतरी ठेवलं. मग नाव-गाव लिहिलं. मग अंगठा घेतला. असं कधी करतात? इसार देताना करतात. म्हणजे एका सुईवर आपण रान विकून बसलो. आता सौदा मोडायचा तर रीत एकच, इसार दुप्पट करून परत द्यायचा. म्हणून सगळं गाव वाटूरच्या बाजाराला जाऊन सुया, कंगवे, वाती विकत घेऊन आलं होतं. मी देऊन गेलेलं त्यांनी दुपटीनं फेडायचं ठरवलं होतं.

पाराच्या कोपऱ्यात एक चिलीम ओढणारा म्हातारा बसलेला होता. पहिल्या फेरीत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. तो आता म्हणाला, "म्या तव्हाच म्हन्लं व्हतं. सरकारचा मानूस घ्यायला येतो, द्यायला न्हाई. देऊन राह्यला तं समजा जास्तीचं न्यायला आलाय."

मी खाली बसलो. उभं राहणं जमत नव्हतं म्हणूनही बसलो. पोत्यावरची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. शेजारी कोरं रीळ. तो गुंडाळलेला दोरा सरळ नव्हता. बोटाबोटावर वाकडा, सुरकुतलेला. कुणीतरी शिवलेली वाकळ उसवून दोरा काढला होता. टाके दोऱ्यात तसेच राहिले होते. कुणाची वाकळ, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

मी समजावायला लागलो. सांगितलं की सरकार सुई देऊन जमीन घेत नाही. नोटीस येते, हरकत घेता येते, भरपाई मिळते. हा जबाब म्हणजे विक्री नाही, कुणाचं काय आहे याची नोंद आहे, भरपाई चुकू नये म्हणूनच लिहून घेतात. मी कायद्याची भाषा बोलत होतो आणि मला दिसत होतं की ती कुणाच्या कानात शिरत नाही. चिलीमवाल्यानं विचारलं, मंग त्या चिजा सरकारनं दिल्त्या का? मी म्हटलं, नाही, माझ्या एका वडीलधाऱ्यानं दिल्या. हे ऐकून तर ते अजून बुचकळ्यात पडले. पाटील म्हणाले, म्हणजे सरकार वेगळं अन् तुमचे वडीलधारे वेगळे? आमचं रान नक्की कुणाला पाहिजे?

एवढ्यात ती म्हातारी पुढं आली. तिच्या हातात दुप्पट काहीच नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडली. आत सुईचे दोन तुकडे होते.

"माझी मोडली, बाबा," ती म्हणाली. "जाड थरात घातली अन् मोडली. एक तं द्यायला न्हाई, दुप्पट कुठून आनू? माझी हीर गेली न्हवं?"

सगळ्यांचा इसार फिटला होता, एकट्या तिचा अडला होता, असं ते सगळे खरंच समजत होते. ती रडत नव्हती. तिनं ते तुकडे पोत्यावर ठेवले, निळ्या-पिवळ्या पुड्यांपासून जरा लांब, जसं काही तिच्या तुकड्यांचा त्या मालाला विटाळ होईल.

तेव्हा मला माळ्यावरच्या फटी आठवल्या. खाली काकाजी कुणाला तरी शांतपणे सांगत आहेत की भाऊ, तू मोडलास तर तुझा इसार बुडाला, मी मोडला तर मी दुप्पट देतो, यात रागवायचं काय.

मी पाटलांना विचारलं, "पाटील, इसार घेनारानं सौदा मोडला तर दुप्पट. अन् इसार देनारानंच मोडला तर?"

"तर काय? त्याचा इसार बुडाला."

"म्हणजे कुणाचा झाला?"

"ज्याच्या हातावर पडला त्याचा."

"मग मी मोडला. तुम्हाला वाटतं सौदा झाला होता, तर तो मी मोडला, या मारुतीसमोर. माझ्या सुया बुडाल्या. ज्याच्या त्यानं उचलून न्या. अन् वरून विकत आणलेलंही न्या."

पाटील डोकं खाजवत होते. रीतीत कुठं चूक सापडते का ते पाहत असावेत. मग चिलीमवाला म्हणाला, "सायेब, येवढा माल बुडवून राह्यले. धंदा करू नका बरं कधी."

पाटील हसले, आणि ते हसले म्हणून बाकीचे हसले. बाया पुढं आल्या. आपापली पुडी, आपापला कंगवा ओळखून उचलायला लागल्या. काडीवरचा सुरकुतलेला दोरा एका तरण्या बाईनं उचलला आणि मान खाली घालून पदराआड केला.

म्हातारी तिथंच उभी होती.

"मंग माझी हीर ऱ्हायली म्हना की," ती म्हणाली.

हसणं थांबलं. त्या क्षणी 'राहिली' म्हणणं किती सोपं होतं, हे मी आजही जाणतो. माझी पाठ दुखत होती, घसा वाळला होता, आणि सगळं गाव नुकतंच माझ्यावर खूश झालं होतं. पण सुईचा सौदा मोडणं माझ्या हातात होतं, खुंट्या माझ्या हातात नव्हत्या.

"हिरीचं मला माहीत नाही, मावशी," मी म्हणालो. "तुझी सुई फिटली. हिरीचं खोटं सांगणार नाही. विचारून येतो."

एका बाईनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी गोड होतं. कुठलं ते विचारायची गरज नव्हती.

तंबूकडे जाताना मी विहिरीवरून गेलो. खुंटी पाहिली. विहिरीच्या कठड्याला लागूनच ठोकलेली, आणि पुढची खुंटी पलीकडच्या अंगाला. रेषा सरळ विहिरीच्या पोटातून जात होती.

ओव्हरसियर हैदराबादकडचे होते. घामोळ्यांनी हैराण, अंगात नुसतं बनियन, पाय पाण्याच्या घमेल्यात. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. आम्ही सगळेच होतो. मी विहिरीचं सांगितलं. ते म्हणाले, लाइन लाइन असते, एकेका म्हातारीसाठी वळायला लागलो तर रस्ता परत जालन्याला पोहोचेल. मी म्हटलं, खरं आहे. मग विचारलं की काम सुरू झाल्यावर मजूर पाणी कुठलं पितील, कारण ओढा कोरडा आहे आणि गावातल्या विहिरींना तळ दिसतोय. त्यांनी उशाशी ठेवलेल्या सुरईकडे पाहिलं.

"ये पानी किधर का है?"

"उसी बुढ़िया की बावली का, साब."

ते 'हौ' म्हणाले आणि पाय घमेल्यात खालीवर करत राहिले. मी ताणलं नाही. मी माझ्या जबाबातलं ते वाक्य, बारमाही पिण्याच्या पाण्याची विहीर, त्यांना वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि चावडीत जाऊन आडवा झालो.

नंतर काय झालं ते मी काकाजींना लिहिलं. मला वाटलं होतं ते पत्र केव्हाच हरवलं असेल. काकाजी गेल्यावर त्यांच्या मुलानं दुकान आवरताना ते मला परत दिलं. दुकानात पावत्या अडकवायची एक तार होती, तिच्यात इतर कागदांबरोबर ते ओवलेलं होतं, म्हणून मधोमध एक भोक आहे. काकाजींना देवनागरी नीट वाचता येई, पण अक्षर मोठं लागे. म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी.

ती. काकाजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. पोट अधूनमधून बिघडतं, पण ताप नाही. आपली प्रकृती कशी आहे?

आपण दिलेला सगळा माल संपला. एका गावात त्यावरून घोळ झाला. लोकांनी आपल्या सुयांना इसार समजून दुप्पट करून परत आणल्या. मी इसार बुडवला. हे सगळं भेटीत सांगेन, कागदावर नीट येत नाही. आपल्याला हसू येईल. मला तिथं आलं नाही. सुईनं कुणी मिंधा होत नाही असं आपण म्हणाला होतात. ते खरंच आहे, पण सरकारी माणसानं दिलेली सुई वेगळी पडते, हे मला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता मी असं ठरवलं आहे की ज्या दिवशी अंगठे घ्यायचे त्या दिवशी थैली चावडीत ठेवायची. काम संपवून निघताना, ज्याला जे लागतं ते द्यायचं. हे बरोबर आहे का, ते कळवावं.

त्या गावात एका म्हातारीची विहीर रस्त्यात जात होती. गेल्या आठवड्यात ओव्हरसियर साहेबांनी स्वतः उभं राहून खुंटी सरकवली. माझ्या सांगण्यानं की पाण्याच्या सोयीनं, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. विहीर राहिली. मोटेचे बैल ज्या उतारावर चालतात ती धाव मात्र रस्त्यात गेली. तिच्याकडे बैल नाहीत, ती पोहऱ्यानंच पाणी शेंदते, त्यामुळं तिचं अडत नाही. मी सांगायला गेलो तेव्हा ती विहिरीवरच होती, बायकांशी बोलत. ऐकून म्हणाली, धाव गेली तर जाऊ द्या, धावायचं वय न्हाई ऱ्हायलं. मग बायकांना म्हणाली, रस्ता झाल्यावर वाटसरूही पाण्याला थांबतील, घागरी नंबरानं लावा.

आपल्याला एक विनंती आहे. तिची सुई मोडली. वाकळीच्या जाड थरातून जाईल अशी सुई आपल्याकडे असली तर पाठवावी. पण ती तिला फुकट देता येणार नाही, आता ती घेणार नाही. ती म्हणते की बदल्यात माझ्यासाठी एक वाकळ शिवेल. मी हो म्हटलं आहे. चावडीत खाली काही अंथरायला नाही.

निघताना तिनं माझ्याकडून मागून नेलेली आपली थैली धुऊन परत दिली. रिकामी थैली कशी देऊ म्हणाली आणि त्यात बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या घातल्या. मला नाही, ज्यांनी सुई दिली त्यांना, असं दोनदा बजावून सांगितलं. मी तिला आपण जैन आहात हे सांगितलं नाही. खारोड्यांत लसूण आहे, भरपूर आहे. आपण खाणार नाही, घरात कुणी खाणार नाही. परत दिल्या असत्या तर तिला काय वाटलं असतं ते आता मला चांगलं कळतं. म्हणून थैली रिकामी आपल्याकडे येईल. खारोड्या मी आपल्या नावानं रोज सकाळी थोड्या थोड्या खात आहे. चांगल्या झाल्या आहेत.

आपला,
माळ्यावरचा